खानदेशातला मरीन टँक : नवा मासा मेन टँकमध्ये सोडण्याआधीचे चार आठवडे

चांगला चाललेला मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, आठवड्याभरात रिकामा झाला, असं ऐकलं की मी पहिला प्रश्न विचारतो : शेवटचा मासा कधी आणला? मीठ, लाइट, फिल्टर यांची चौकशी नंतर. बहुतेक वेळा गुन्हेगार, म्हणजे परजीवी, नव्या माशाच्या पिशवीतूनच आलेला असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

मुंबईतल्या माणसाचं औषध संपलं तर तो संध्याकाळी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन येतो. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे कुरिअर यायला दोन-तीन दिवस लागतात. वेल्व्हेटसारखा रोग तेवढा वेळ देत नाही. म्हणून इकडे एक क्रम पक्का ठेवायचा : आधी नव्या माशाला वेगळं ठेवायला (क्वारंटाइनला) रिकामा टँक, मग पाणी, मग टेस्ट किट आणि औषधं, आणि मासा सगळ्यात शेवटी. मासा बुक करून मग टब शोधायला निघणाऱ्यांसाठी खाली लिहिलेल्यातलं फारसं काही कामाचं नाही.

एक खुलासा सुरुवातीलाच. हे लिखाण मासे, झिंगे आणि गोगलगायींपुरतं आहे. समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. कोणी गुपचूप देतो म्हणाला तरी घेऊ नका.

काय काय जमवायचं

दोन फुटी काचेचा टँक, म्हणजे २४ × १२ × १५ इंच, साधारण ७० लिटरचा. हा निरीक्षणाचा टँक. त्याशिवाय ४०-४५ लिटरचे दोन प्लॅस्टिकचे टब, झाकणासकट. भांड्यांच्या दुकानात मिळतात ते चालतात, फक्त आधी त्यात साबण, फिनेल, खत काहीही गेलेलं नको. टँकच्या तळाशी वाळू नाही, दगड नाही, शोभेचं काही नाही. लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि टी टाका. जळगाव हे पाइपांचंच गाव, तुकडे मागितले तर कोणी पैसेही घेत नाही. नवे घ्या, सोल्युशन लागलेले नकोत.

बाकी यादी लहान आहे : स्पंज फिल्टर, दोन एअर पंप (त्यातला एक बॅटरीवर चालणारा), दोन हीटर, थर्मामीटर, खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, अमोनियाची टेस्ट, तांब्याची टेस्ट, पाणी बदलायला वेगळी नळी, वेगळी जाळी, वेगळी बादली. या सगळ्याला लाल टेप लावून टाका. लाल टेपची वस्तू मेन टँकमध्ये बुडवायची नाही. मेन टँकचं पाणी इकडे आलं तर चालतं, इकडचा थेंब तिकडे जाता कामा नये. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण तुम्ही ड्यूटीवर असताना कोणीतरी हौसेनं मासे खायला घालणारच.

टँक ठेवायचा कुठे? जमलं तर दुसऱ्या खोलीत. वेल्व्हेटचे बीजकण बुडबुडे फुटताना उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर हवेतूनही जातात, त्यामुळे मेन टँकच्या शेजारच्या स्टुलावर मांडलेलं क्वारंटाइन हे नावापुरतंच. गच्चीखालची खोली मात्र टाळा, ती मे महिन्यात भट्टी होते.

स्पंज फिल्टर मासा येण्याच्या निदान तीन-चार आठवडे आधी मेन टँकच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) टाकून ठेवा, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू त्यात बसतात. तुमचा मेन टँकच अजून नवा असेल तर एका अर्थी नशीबवान आहात. तो सायकल व्हायला, म्हणजे हे जिवाणू त्यात बसायला, चार ते सहा आठवडे जाणारच, तेवढ्यात पहिला मासा क्वारंटाइनमधून बाहेर पडेल आणि मेन टँकला रोगाची ओळखच होणार नाही. तुमच्याकडे मुरलेला स्पंज नसणार, त्यामुळे बाटलीतले जिवाणू टाका आणि रोज अमोनिया तपासून पाणी बदलत राहा.

पाणी आणि ऊन

बोअरचं पाणी वापरू नका. आपल्या काळ्या खडकातून येणारं पाणी जड असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन. घरच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी मिसळलेलं असतं, टीडीएस मीटर ५०-१०० दाखवतो. क्वारंटाइनला तेवढं चालून जातं असं माझं मत. मेन टँकसाठी मात्र डीआय (उरलेले क्षार काढणारं फिल्टर) लावून शून्याजवळ आणा. वीस लिटरचे थंड पाण्याचे जार घेणार असाल तर प्रत्येक जार मीटरने तपासा. एकाच दुकानाचे दोन जार सारखे निघतील असं नाही.

मीठ मरीन सॉल्टच हवं, स्वयंपाकाचं किंवा खडे मीठ नाही. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम. ४० लिटरचा टब म्हणजे जवळपास दीड किलो. पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून चोवीस तास फिरू द्या आणि मग मोजा. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य केलं की झालं, असं सांगतात. ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावणावर तपासलेलं जास्त खात्रीचं.

तापमान २५-२६ अंश. आता भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा हे कसं सांभाळायचं? चिलर परवडत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर टँकवर झाकणाऐवजी जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा सोडा. मे महिन्यातली आपली हवा कोरडी असते. वाळ्याचा कूलर मुंबईत नुसता घाम आणतो आणि जळगावात गारवा देतो, त्यातलाच हा प्रकार. तीन-चार अंश सहज उतरतात. पण खोलीच चाळिसावर असेल तर तेवढ्याने भागत नाही, मग एसीच्या खोलीत हलवायचं. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत पंख्याचा जोर निम्म्यावर येतो, पण तेव्हा उष्माही कमी असतो. पंखा चालू असताना पाणी भराभर आटतं आणि मीठ मागे राहतं. आटलेलं पाणी आरओने भरायचं, खाऱ्या पाण्याने नाही.

थंडीत उलटं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला रात्री पारा दहाच्या खाली जातो, हीटर नसेल तर पहाटे पाणी वीसच्याही खाली गेलेलं असेल. तरी मासा मागवायला भरिताचे दिवसच उत्तम, कारण प्रवासात उष्णता लागत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास मागवूच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. वळवाच्या पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यासाठी तो बॅटरीचा पंप. गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मुरतो, त्यात एअर बंद पडली तर मासा फार वेळ काढत नाही.

मासा निवडताना

आपण दुकानात उभे राहून बघू शकत नाही, पण व्हॉट्सअॅपवर बघू शकतो. दुकानदाराला दोन गोष्टी मागा. मासा येऊन किती दिवस झाले, आणि तो खाताना काढलेला व्हिडिओ. आजच आलेला मासा आज पाठवू नका म्हणावं. टोकन द्या, आठवडाभर त्यांच्याकडेच राहू द्या. जो दुकानदार हे ऐकून घेत नाही त्याच्याकडून न घेतलेलं बरं. क्लाउन मासा घ्यायचा तर टँकमध्ये जन्मलेला मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलंय, समुद्रातून पकडलेलाच हवा असं काही नाही. एका खेपेला एक किंवा दोन लहान मासे, त्याहून जास्त नाही. मँडरिन, मूरिश आयडॉल, क्लीनर व्रास ही नावं नव्या माणसाने पहिलं वर्षभर विसरावीत.

पिशवी हातात आल्यावर

मुंबईहून गाडीने किंवा ट्रॅव्हल्सने थर्माकोलच्या खोक्यात मासा येतो. स्टेशनवर खोकं फोडून बघू नका. रात्रीची गाडी धरायला सांगा, म्हणजे पहाटे उतरवून ऊन चढायच्या आत घरी येता येतं.

आता नवी मंडळी सर्रास चुकतात तो भाग. गोड्या पाण्याच्या माशांना आपण पिशवी उघडून थोडं थोडं टँकचं पाणी घालत तासभर बसतो. दूरच्या प्रवासातून आलेल्या मरीन माशाला ते घातक ठरू शकतं. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने पीएच उतरतो, आणि उतरलेल्या पीएचमध्ये साठलेला अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. मासा तासभर त्यात बसला तर कल्ले जळतात.

म्हणून मासा पाण्याला जुळवत बसायचं नाही, टबाचं पाणी आधीच पिशवीच्या पाण्याला जुळवून ठेवायचं. आदल्या दिवशी दुकानदाराला त्याच्या टँकचा खारटपणा विचारा. बरेच जण मुद्दाम कमी ठेवतात, विशिष्ट गुरुत्व १.०१९-१.०२० असं काहीतरी. तेवढाच टब तयार ठेवा. खोकं आलं की दिवे मालवा, बंद पिशवी वीस मिनिटं टबात तरंगत ठेवा, मग उघडून एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर बघा. जुळत असेल तर लगेच मासा काढून टबात. टब खारट निघाला तर आरओ घालून उतरवा. खाली येणं माशाला सोपं जातं, वर चढणं अवघड. पिशवीतलं पाणी बाथरूममध्ये ओता.

पहिल्या दिवशी खाऊ घालायची घाई नको. संध्याकाळी अंधुक उजेडात कल्ल्यांची उघडझाप मिनिटभर मोजा आणि लिहून ठेवा. हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो, कारण बऱ्याच रोगांत श्वास आधी वाढतो, ठिपके नंतर दिसतात.

पहिले बारा दिवस : टब बदलत राहणं

मरीन इकचा (पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा) परजीवी माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस राहतो, मग गळून पडतो, तळाला चिकटून पुटी बनवतो. त्या पुटीतून शेकडो पिल्लं निघतात आणि दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. पुटी फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात. सगळी युक्ती इथेच आहे : दर तीन दिवसांनी माशाला स्वच्छ टबात हलवलं की गळालेले परजीवी मागच्या टबात राहतात आणि मासा पुढे निघून जातो. औषध लागत नाही, मुरलेला फिल्टरही लागत नाही.

मासा आला तो पहिला दिवस. चौथ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी टब बदलायचा, तेराव्या दिवशी निरीक्षणाच्या टँकमध्ये. ७२ तासांच्या पुढे जाऊ नका. दोन-चार तास आधी चालेल, नंतर नाही. गळणं आणि फुटणं बहुतेक अंधारात होतं, म्हणून बदल दिवसा करा. मासा जाळीपेक्षा प्लॅस्टिकच्या चाळणीने उचला, पाणी जितकं कमी जाईल तितकं चांगलं. मागचा टब, एअरस्टोन, हीटर, पाइपचे तुकडे सगळं धुऊन खडखडीत वाळवायचं. आपल्याकडे गच्चीवर उन्हात दिवसभर ठेवलं की काम होतं, आणि हे सुख कोकणातल्या हौशी माणसाला नाही! पावसाळ्यात मात्र उन्हावर विसंबू नका, ब्लीच वापरा.

खारटपणा १.०२० पासून १.०२५ पर्यंत याच दिवसांत चढवायचा. दिवसाला ०.००१ पुरे. आटलेलं पाणी या दिवसांत आरओऐवजी खाऱ्या पाण्याने भरलं की ते आपोआप होतं. नवा टब नेहमी जुन्याच्या त्या दिवशीच्या आकड्याला जुळवूनच भरायचा. चार टबांना मिळून सहा किलोच्या आसपास मीठ लागतं, ते आधीच आणून ठेवा.

दुसऱ्या आणि चौथ्या टबात प्राझिक्वांटेल घाला, डोस पाकिटावरचा. हे फ्लूकसाठी, म्हणजे कातडीला आणि कल्ल्यांना चिकटणाऱ्या चपट्या किड्यांसाठी. औषध अंड्यांना लागत नाही, म्हणून मधे सहा दिवस सोडून दुसरा डोस. त्या वेळी एअर जोरात ठेवा.

फ्लूक खरंच आहेत का हे बघायचं असेल तर गोड्या पाण्याची डुबकी देता येते. काळ्या तळाच्या घमेल्यात आरओ घ्या, टबाइतकंच तापमान, पीएच थोड्या खाण्याच्या सोड्याने जुळवलेला, एअरस्टोन चालू. मासा पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. फ्लूक असले तर पारदर्शक किडे पांढरे पडून तळाशी येतात, तिळाच्या आकाराचे, काळ्यावर ठळक दिसतात. मासा आडवा पडून निपचित झाला तर आधीच काढा. आल्या दिवशी थकलेल्या माशाला डुबकी देऊ नका.

पुढचे दोन-अडीच आठवडे : नुसतं बघणं

टब बदलून इक जातो, वेल्व्हेट जात नाही. म्हणून तेराव्या दिवशी काम संपत नाही. निरीक्षणाच्या टँकमध्ये निदान अजून दोन आठवडे, मी तर अडीच म्हणेन. रोज अमोनिया बघा, चढला तर पाणी बदला. फ्रोझन मायसिस किंवा आर्टेमिया (बारीक झिंग्यांचं गोठवलेलं खाद्य) थोडं थोडं दोन वेळा, टँग (शेवाळ खाणारा मासा) असेल तर क्लिपला नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. उरलेलं दहा मिनिटांत नळीने ओढून घ्या.

रात्री खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च माशाच्या बाजूने, कातडीला समांतर धरा. वेल्व्हेट असेल तर अंगावर पिठासारखी सोनेरी-करडी भुकटी चमकते. समोरून उजेड टाकला तर तीच दिसत नाही. त्याआधीची लक्षणं म्हणजे श्वास भराभर, पंपाच्या प्रवाहात तोंड करून थांबणं, उजेड टाळणं, खाणं बंद. हे दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. क्लाउनवर जाड शेंबडासारखा थर आला तर तो बहुधा ब्रुकलिनेला हा परजीवी. त्यावर तांबं चालत नाही, फॉर्मलिन लागतं, आणि फॉर्मलिनची बाटली बंद खोलीत उघडायची नाही. हिरव्या क्रोमिसच्या कुशीवर लाल चट्टा दिसला तर युरोनीमा हा परजीवी धरून चाला, तो मासा वेगळा काढा.

वेल्व्हेटवर तांबं. इथे खानदेशातला एक खास धोका सांगतो. कोणीतरी हमखास म्हणतं, तांबं म्हणजे मोरचूदच ना, कृषी केंद्रात किलोने मिळतं. रसायन तेच, पण फवारणीच्या मोरचुदात आणखी काय आहे ते कोणी तपासलेलं नसतं, आणि आपल्याला लागणारी मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं इतकी बारीक आहे. थोडं कमी पडलं तर परजीवी जगतो, थोडं जास्त झालं तर मासा मरतो. मत्स्यालयासाठी बनवलेलं औषधच घ्या. चिलेटेड प्रकारात मात्रा वेगळी असते, साधारण १.५ ते २.५, म्हणून बाटलीवरचा आकडा आणि तुमची टेस्ट दोन्ही एकाच प्रकाराच्या आहेत याची खात्री करा. रोज मोजा. टँकमध्ये कार्बन, वाळू, दगड नको, ते तांबं शोषून घेतात. अमोनिया बांधणारी औषधं तांब्याबरोबर घालू नका, विषारीपणा वाढतो. पूर्ण मात्रेवर तीस दिवस, किंवा चौदा दिवस ठेवून मग निर्जंतुक टबात हलवा. ज्या टँकमध्ये तांबं गेलं त्यावर मार्करने ‘तांबं’ असं लिहून टाका, तो यापुढे फक्त माशांचाच.

लक्षण नसताना सगळ्यांना सरसकट तांबं द्यावं का? बरेच अनुभवी लोक देतात. टँगसारख्या रोगाला बळी पडणाऱ्या माशांना मीही देईन. पण जो आयुष्यात पहिल्यांदा तांब्याची टेस्ट करतोय त्याने निरोगी क्लाउनवर हात बसवू नये.

मधेच नवा मासा याच टँकमध्ये टाकला तर मोजणी पहिल्या दिवसापासून. यात तडजोड नाही.

झिंगे, हर्मिट खेकडे, गोगलगायी

यांना इक होत नाही, पण कवचावर पुटी चिकटून येऊ शकते. तांब्याचा अंशही यांना मारतो, म्हणून ‘तांबं’ लिहिलेला टँक चुकूनही नको. यांच्यासाठी मासे नसलेला वेगळा छोटा टब, निदान सहा आठवडे. पुटी फुटायला ७२ दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे, त्यामुळे कडक नियम पाळणारे ७६ दिवस ठेवतात. झिंगे खारटपणाच्या बदलाला नाजूक, त्यांना मात्र थेंब थेंब पाणी देत तासभर जुळवून घ्यायचं, माशांच्या बरोबर उलट.

हाच ७६ दिवसांचा हिशेब मेन टँकमध्ये इक शिरला तरी लागतो : सगळे मासे बाहेर काढून उपचार, आणि मेन टँक तेवढे दिवस माशांशिवाय चालू.

शेवटी हलवताना आणि नंतर

खाणं चांगलं, श्वास पहिल्या आठवड्यातल्यापेक्षा शांत, अंगावर काही नाही, असे सलग सात-आठ दिवस गेले की खारटपणा मेन टँकला जुळवा आणि संध्याकाळी लाइट बंद करून मासा सोडा, पाणी न नेता. टँगसारख्या भांडखोर जुन्या रहिवाशाला दोन दिवस जाळीच्या खोक्यात बसवा.

मग रिकामा टँक, टब, नळ्या दहा भाग पाणी आणि एक भाग ब्लीच यात अर्धा-एक तास भिजवा, वास जाईपर्यंत धुवा आणि वाळवून ठेवा. फॉर्मलिन वापरलं असेल तर ते आधी भरपूर पाण्याने धुऊन काढायचं, त्यात ब्लीच मिसळायचं नाही. कुठलाही रोग निघाला असेल तर स्पंज टाकून द्या आणि त्याच दिवशी नवा स्पंज सम्पमध्ये लावून ठेवा.